माझा वाटा मला परत द्या!



"मी सरकारी रुग्णालयाची पायरी कधीं चढत नाहीं, मग त्याच्या खर्चाचा भार माझ्यावर कां?" हा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत येतो. माझ्याहि मनांत तो अनेकदां आला. ब्रिटननें या प्रश्नाचें एक उत्तर प्रत्यक्ष करून पाहिलें आहे; म्हणून आधीं तिकडे वळूं.

त्या देशांत ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनीं ती मुख्यतः करांच्या उत्पन्नावर उभी केली. उपचाराच्या वेळीं रोग्यास दाम मोजावा लागूं नये, हें तिचें मूळ तत्त्व. दांतांच्या कवळ्या व चष्मे यांवर १९५१ सालीं आकार बसविण्याचें ठरलें, तेव्हां बेव्हन यांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

पुढें रुग्णालयांच्या रांगा लांबल्या. सरकारनें एप्रिल १९९० पासून साठ वर्षांवरील लोकांच्या खाजगी आरोग्यविम्याच्या हप्त्यावर प्राप्तिकरांत सवलत दिली. युक्तिवाद असा कीं, जे बाहेर जातात ते इतरांसाठीं जागा मोकळी करतात. हा युक्तिवाद अगदींच पोकळ नाहीं. परंतु ज्यांनीं पूर्वींच विमा उतरविला होता, त्यांनाहि सवलत मिळाली; त्यांच्यामुळें एकहि नवी खाट मोकळी झाली नाहीं. शिवाय खाजगी रुग्णालयांत शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर बहुधा सरकारी सेवेंतीलच असे. जुलै १९९७ मध्यें नव्या सरकारनें ही सवलत रद्द केली.

आपल्याकडेहि जुन्या करपद्धतीनें कर भरणारास अशा हप्त्यावर वजावट मिळते. मीहि ती घेतों. पण मुलांना अंकगणित शिकविण्यांत आयुष्य गेलें, म्हणून हिशेब मांडल्यावांचून राहवत नाहीं. पंचवीस हजारांच्या वजावटीनें शेंकडा तीस दर लागणाऱ्याचे ७,५०० रुपये वांचतात. शेंकडा वीस दर लागणाऱ्याचे ५,०००. आमच्या घरीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईंना प्राप्तिकर लागतच नाहीं. त्यांना कांहींच मिळत नाहीं. साबण आणि तेल यांवरील कर मात्र त्या निमूटपणें भरतात.

गतवर्षीं मी रस्त्यांत पडलों आणि डोकें फुटलें. लोकांनीं मला जवळच्या सरकारी रुग्णालयांत नेलें. विम्याचें कार्ड घरीं कपाटांत होतें. टांके मात्र वेळेवर पडले. त्या खोलींतील दिवा त्या बाईंच्याहि पैशावर जळत होता, हें तेथें पडल्यापडल्या माझ्या ध्यानांत आलें.

ज्याला अर्ज लिहितां येतो, वर्तमानपत्रांत तक्रार करतां येते, तोच सार्वजनिक रुग्णालय सोडून गेला, तर मागें राहिलेल्यांसाठीं कोण बोलणार? कायदा देतो ती वजावट अवश्य घ्यावी. परंतु तिला "माझा परत मिळालेला वाटा" म्हणूं नये. आपण आपला वाटा काढून घेतलेला नाहीं. म्हणून त्या रुग्णालयाची चौकशी करण्याचा हक्कहि आपला आहे, आणि कर्तव्यहि आपलेंच आहे.