रडीचा डाव



इतिहासावर आधारलेल्या संगणकीय खेळांविषयीचे एक इंग्रजी पुस्तक मराठीत आणीत असताना मी एका शब्दापाशी चार दिवस अडून बसले होते. तो शब्द ‘एक्स्प्लॉइट’. शब्दकोशात पाहावे तर नाम म्हणून त्याचा अर्थ ‘पराक्रम’ आणि क्रियापद म्हणून ‘गैरफायदा घेणे’. ह्या खेळांत त्याचा अर्थ दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतो: नियमांच्या बांधणीत राहून गेलेली फट हेरावयाची आणि एकही नियम न मोडता, रचनाकाराच्या ध्यानीमनी नसलेला लाभ पदरात पाडून घ्यावयाचा. मराठीत ‘पळवाट’ आहे, ‘क्लृप्ती’ आहे. पण मला राहून राहून आठवत होता तो अंगणात खेळताना शिकलेला शब्द, रडीचा डाव. तो येथे शोभेल काय, हे ठरविण्यासाठी मला खेळाकडेच वळावे लागले.

सिड मायर आणि ब्रूस शेली ह्यांनी रचलेला ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ १९९१ साली आला. इसवी सनापूर्वी ४००० ह्या वर्षी, मूठभर माणसे घेऊन खेळाडूने आरंभ करावयाचा. नगरे वसवावयाची, लिपी व चाक ह्यांपासून अंतराळयानापर्यंत मजल मारावयाची. नगर ज्या चौकोनावर वसे तो चौकोन कोणी न राबताही उत्पन्न देई आणि प्रत्येक वस्तीमागे आणखी एक चौकोन कसता येई. ह्यातले गणित चाणाक्ष खेळाडूंनी लगोलग ओळखले. दहा वस्तीचे एक नगर अकरा चौकोनांचे उत्पन्न देते, तर एकेका वस्तीची दहा गावे वीस चौकोनांचे. मग महानगरे कोण उभारील? नकाशावर खेड्यांची दाटी करून सोडावी, की विजय हमखास. रोम व बॅबिलोन घडविण्याचा खेळ, आणि जिंकावयाचे मात्र रोम न घडविता!

रचनाकारांनी ही फट बुजविण्याचे यत्न पुनःपुन्हा केले. २००१ च्या तिसऱ्या आवृत्तीत राजधानीपासूनचे अंतर व नगरांची संख्या ह्यांबरोबर भ्रष्टाचार वाढत जाई. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत त्याऐवजी प्रत्येक नव्या नगराचा खर्च खजिन्यावर पडू लागला. २०१० च्या पाचव्या आवृत्तीत नव्या नगराबरोबर प्रजेचा असंतोष वाढू लागला. गंमत अशी, की ही सारी बंधने इतिहासातूनच आली आहेत. दूरच्या सुभ्यातला महसूल राजधानीत पोहोचेपर्यंत झिजतो, हे कोणत्याही साम्राज्याच्या बखरीत सापडेल. खेळ इतिहासातले नेमके काय विसरला होता, ते लबाडांनी दाखवून दिले असे म्हटले तरी चालेल.

आता माझे स्वतःचे प्रकरण सांगते. २००३ साली मी एम.ए.च्या वर्गात होते आणि घरी दादाच्या संगणकावर तिसरी आवृत्ती होती. आम्ही दोघे एकाच आरंभापासून निरनिराळे डाव खेळत असू. तो सुरुवातीची फाईल करून देई, दोघे आपापल्या वेळी खेळत आणि महिन्याभराने कोणाची गुणसंख्या अधिक ते पाहिले जाई. त्या खेळात शेजारी राष्ट्राशी मार्गाधिकाराचा करार करता येत असे. करार झाला, की आपले सैन्य त्याच्या रस्त्यांवरून व लोहमार्गांवरून हवे तेथे जाई. मी शेजाऱ्याशी असा करार केला, त्याच्या प्रत्येक नगराच्या वेशीवर एकेक फौज नेऊन उभी केली, युद्ध पुकारले आणि एकाच पाळीत सात नगरे घेतली. दोन हल्ले फसले तेव्हा मागे जतन केलेला डाव पुन्हा उघडला. संगणक यादृच्छिक संख्यांचा क्रमही जतन करीत असल्याने तोच हल्ला पुन्हा केला असता तोच निकाल येई. त्यावरही तोड होती. एखाद्या क्षुल्लक चकमकीत ती अशुभ संख्या खर्ची घालावयाची, म्हणजे मोठ्या लढाईच्या वाट्याला दुसरी येई.

दादाने गुणसंख्या पाहिली, विचारपूस केली. मी मोठ्या अभिमानाने सारे सांगितले. “नियमात आहे,” एवढेच तो म्हणाला. मी वाद घातला: तह मोडल्याची उदाहरणे इतिहासात काय थोडी आहेत? तेव्हा तो म्हणाला, “वेशीवर परकं सैन्य दिसल्यावर कुठलाही राजा दरवाजे लावून घेतो. ह्या यंत्राला घाबरायला कुणी शिकवलंच नाहीये. तू त्या राजाला नाही फसवलंस, रचणाऱ्याच्या विसराळूपणाला फसवलंस.” आणि मागे नेऊन जिंकलेल्या लढायांविषयी तो काहीच बोलला नाही. त्यानंतर त्याने दोघांसाठी फाईल केली नाही.

गनिमी कावा आणि रडीचा डाव ह्यांतील भेद मला त्या वाक्यात सापडतो. गनिमी कावा शत्रूच्या गाफीलपणावर चालतो, डोंगर-खिंडींवर चालतो. म्हणजे ज्या जगाचा खेळ मांडला आहे त्या जगातल्याच गोष्टींवर. माझी सात नगरे मात्र एका गणिताच्या चुकीतून आली होती. ह्या खेळाला नीती मुळीच नव्हती असे नाही. करार असा मोडणाऱ्याची पत जाई आणि इतर राष्ट्रे त्याचा शब्द मानीनाशी होत. पण जो साऱ्यांनाच गिळावयास निघाला आहे त्याला पतीची काय चाड? चौथ्या आवृत्तीत युद्ध पुकारताच परक्या हद्दीतले आपले सैन्य बाहेर फेकले जाऊ लागले, आणि तो प्रश्न मिटला.

मात्र ही रेषा कायमची आखलेली नसते. १९४७ साली सिडनीला विनू मंकड ह्यांनी चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीज सोडलेल्या बिल ब्राउन ह्यांना धावबाद केले, तेव्हा नियम त्यांच्या बाजूने होता आणि तरीही दशकानुदशके त्यांच्या नावाने बोटे मोडली गेली. २०२२ मध्ये एम.सी.सी.ने तो प्रकार ‘अनुचित खेळ’ ह्या कलमातून काढून ‘धावबाद’ ह्या कलमात नेला. उलट १९८१ साली मेलबर्नला ट्रेव्हर चॅपेल ह्यांनी शेवटचा चेंडू जमिनीवरून सरपटत टाकला, तेव्हाही नियम मोडला नव्हता. त्यावर पुढे बंदी आली.

एकट्याने यंत्राशी खेळताना अन्याय कोणावर होतो, असे मला काहीजण विचारतात. यंत्रावर नाहीच होत. एकट्याने खेळून, कोणाला न सांगता संगणक बंद करणाऱ्याने डाव शंभरदा मागे न्यावा. माझी त्याला हरकत नाही. पण आम्ही दोघांनी गुणसंख्या ताडून पाहण्याचे ठरविले होते, आणि त्या ठरावात दादा होता.

अनुवादात अखेरीस ‘एक्स्प्लॉइट’साठी मी ‘पळवाट’ ठेवले, आणि जतन केलेला डाव मागे नेऊन हरलेली लढाई जिंकण्याला ‘रडीचा डाव’. ह्या भाषणाचा मसुदा परवा दादाला दूरध्वनीवर वाचून दाखविला. सगळे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “सात नव्हे, नऊ नगरं होती.”