भत्ता गोठतो, भाडे चढते
(इस्लापूर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



किनवट तालुक्यातील गोंड, कोलाम, आंध, प्रधान कुटुंबांतील मुलाने बारावीनंतर शिकायचे ठरविले की त्याला बहुधा गाव सोडावे लागते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली तर निभावते. न मिळाली तर तो अठराव्या वर्षी शहरातला भाडेकरू होतो. भाडेकरूंच्या प्रश्नाची चर्चा आजवर मुंबईच्या चाळींभोवती आणि भाडेनियंत्रणाच्या कायद्याभोवती फिरत आली. इस्लापूरहून निघालेला हा भाडेकरू त्या चर्चेत कधी आलाच नाही.

अशा विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या आदिवासी विकास विभागाने 2016 मध्ये पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम् योजना सुरू केली. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांसाठी वर्षाला 60 हजार रुपये ठरले: भोजनाचे 32 हजार, निवासाचे 20 हजार, निर्वाहाचे 8 हजार. इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी एकूण 43 हजार, पैकी निवासाचे 12 हजार. म्हणजे महिन्याला एक हजार. एवढ्यात खोली नव्हे, खोलीचा कोपरा मिळतो. म्हणून तिघे-चौघे एकत्र राहतात, आणि घरमालकाची अनामत रक्कम गावाकडून, प्रसंगी सावकाराकडून येते.

योजना वाईट नाही. तिच्यामुळे कित्येकांचे शिक्षण तुटता तुटता राहिले, हे मान्यच केले पाहिजे. दोष आहे तो दरांत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांची स्वाधार योजना याच आकड्यांवर उभी राहिली. पुढे 2023-24 मध्ये इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली, तीही 60 हजार आणि 43 हजार हेच आकडे घेऊन. मधल्या सात-आठ वर्षांत भाडे वाढले, खानावळ वाढली, करोनाची साथ येऊन गेली. नवी योजना लिहिणाऱ्या लेखणीने मात्र जुनेच आकडे उतरवून घेतले.

दर कसे वाढवावेत हे शासनाला ठाऊक नाही, असे मुळीच नाही. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने 2017 मध्ये कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार मूळ वेतनाच्या 24, 16 व 8 टक्के ठरविला. महागाई भत्त्याने 25 टक्क्यांची पायरी ओलांडली की 27, 18, 9 आणि 50 टक्क्यांची गाठली की 30, 20, 10, हेही तेव्हाच लिहून ठेवले. जानेवारी 2024 पासून महागाई भत्ता 50 टक्के झाला, आणि घरभाडे भत्ता चढला. त्यासाठी कोणाला मोर्चा काढावा लागला नाही. याच व्यवस्थेत अगदी लहान गावातल्या कर्मचाऱ्यालाही किमान 1,800 रुपये महिना धरलेले आहेत. कर्मचाऱ्यांचा हेवा करण्याचे कारण नाही. निर्देशांकाशी जोडलेला भत्ता कामगार-कर्मचारी संघटनांनी लढून मिळविला आहे. विद्यार्थ्याची संघटना तीन वर्षांत पदवी घेऊन पांगते, एवढाच काय तो फरक.

याहून खोल गोष्ट वेगळीच आहे. वसतिगृह असते तेव्हा महागाईचा भार सरकारच्या अंदाजपत्रकावर पडतो: धान्य महागले तरी ताट वाढावेच लागते, छत द्यावेच लागते. वसतिगृहाऐवजी ठरावीक रोख रक्कम हातावर ठेवली की तोच भार मुलाच्या खांद्यावर सरकतो. रक्कम गोठली म्हणजे दरवर्षी कपात होते, आणि कपातीच्या आदेशावर कोणालाच सही करावी लागत नाही. ब्रिटनमध्ये हेच घडले. तेथे भाडेकरूंचे गृहसाहाय्य स्थानिक भाड्यांशी जोडलेले होते; 2011 मध्ये ते मध्यम भाड्यावरून खालच्या तीस टक्क्यांच्या पातळीवर आणले, 2016 पासून चार वर्षे गोठविले, 2020 मध्ये भाड्यांशी पुन्हा जुळविले आणि लगेच 2024 पर्यंत पुन्हा गोठविले. त्या सधन देशातही मधला फरक भाडेकरूंनीच पोट मारून भरला.

तेव्हा मागणी 'रक्कम वाढवा' एवढीच ठेवू नये. आज वाढलेली रक्कम उद्या पुन्हा गोठेल. निवासाचा दर दरवर्षी प्रवेशांपूर्वी भाड्याच्या पाहणीवरून ठरावा, आणि पहिला हप्ता भाडे भरण्याआधी खात्यात पडावा, अशी ती असावी. किनवटच्या प्रकल्प कार्यालयात निवेदन नेताना त्यासोबत भाड्याचे आकडे हवेत. घरमालक सहसा पावती देत नाहीत. म्हणून सुट्टीत गावी आलेल्या प्रत्येक मुलाकडून शहर, वस्ती, खोलीत किती जण आणि महिन्याचे भाडे, एवढे कार्यकर्त्यांनी वहीत लिहून घ्यावे. इस्लापुरातून सुरुवात येत्या दिवाळीच्या सुट्टीत होऊ शकते.