उर्दू शाळेतील मूल आणि इंग्रजी वाचन



महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आली. कारंजा-मंगरूळपीरकडील उर्दू शाळेतल्या मुलाला ती वाचताना नजर उलट फिरवावी लागते. उर्दू उजवीकडून, इंग्रजी डावीकडून. शिवाय उर्दूत जबर, जेर, पेश सहसा लिहीत नाहीत. मूल व्यंजनांवरून शब्द ओळखते. तीच सवय इंग्रजीत लावली की 'पिन', 'पेन', 'पॅन' यांचा घोटाळा होतो. त्याला मठ्ठ म्हणू नका. 'स्कूल'चे 'इस्कूल' झाले तरी हसू नका, अर्थ कळला ना! आपणांस इंग्रजी येत नसेल तरी रोज दहा मिनिटे शेजारी बसा, बोट ठेवून मोठ्याने वाचायला लावा आणि अर्थ उर्दूत विचारा. इंग्रजी माध्यमात घालण्याची घाई करण्यापूर्वी एवढे वर्षभर करून पाहावे, ही विनंती.