घोडबंदरात आपले स्वागत असो

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि माजिवड्याच्या कोंडीतून सुखरूप सुटून आलेल्या बंधुभगिनींनो,

लहान राष्ट्रांची तटस्थता हा आपला विषय. त्यातले मला फारसे कळत नाही; ठाणे मात्र थोडेफार कळते. इथे १८५३ साली आगगाडी आली हे जो तो सांगतो. पण १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे यांनी याच गावात मराठी ग्रंथ संग्रहालय उभे केले, हे कोण सांगतो? ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे भावे आमचे, ठाण्याचे! या रस्त्यावरच्या उंच इमारतींतल्या किती मुलांना त्यांचे नाव ठाऊक असेल? पाहुण्यांनी संग्रहालय पाहिल्याखेरीज गाव सोडू नये.

विषयाकडे वळतो, नाहीतर कार्यवाह चिठ्ठी पाठवतील. या रस्त्याला ज्याचे नाव आहे त्या घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांचा. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई. शेजारच्या इंग्रजांचे राज्य तेव्हा मुंबई बेटापुरते. त्यांनी उघडपणे कुणाचीच बाजू घेतली नाही. पोर्तुगीजांना चर्चची चांदी तारण ठेवून पैसे दिले आणि वसई पडल्यावर कॅप्टन इंचबर्डला धाडून मराठ्यांशी तह केला, व्यापाराची मोकळीक पदरात पाडून घेतली. त्याच इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात ठाणेही घेतले. दुबळ्याची तटस्थता कितपत खरी, हे तो सबळ झाल्यावरच कळते, असे माझे मत. विद्वानांनी ते खोडून काढावे.

आता क्षमायाचना. रात्री काही खोल्यांत पाणी आले नाही, टँकर वाघबीळला अडकला होता. ध्वनिक्षेपक मधूनच शिट्टी मारतो. न्याहारीची मिसळ काही पाहुण्यांना झोंबली. आम्ही तिखट कमीच सांगितले होते, आचाऱ्याने ऐकले नाही. गाद्या देणारे मंडप कंत्राटदार, दोन्ही वेळचे जेवण उचलणारे बांधकाम व्यावसायिक, हारतुरे देणारे फूलवाले, आपल्या गाड्या रस्त्यावर लावून पाहुण्यांना वाहनतळ मोकळा करून देणारी शेजारची सोसायटी आणि नाव न सांगण्याच्या अटीवर मोठी रक्कम देणाऱ्या एक आजी, या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत. कुणाचे नाव राहिले असेल तर राग मानू नये, चहाच्या वेळी मला गाठावे.

शेवटची विनंती: गायमुखच्या घाटातून परतणाऱ्यांनी समारोपाची वाट न पाहता चारच्या आत निघावे.