सोन्याचे खिशातले घड्याळ : पारख, खरेदी व जतन

(संस्थेच्या परळ येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘वडिलार्जित वस्तू’ या विषयावर चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांनी आज्ञा केली. विषय फार मोठा आहे, म्हणून त्यातील एकच वस्तू आम्ही निवडली आहे : सोन्याचे खिशातले घड्याळ. अछोड्याने कोटाच्या बटणाला जखडलेले हे घड्याळ आपल्यापैकी पुष्कळांनी आजोबा-पणजोबांच्या तसबिरीत पाहिले असेल. काही घरांत ते अद्याप कपाटाच्या तळाशी असेलही. परळ-लालबागच्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्यापासून जुन्या ट्रंका उघडल्या जात आहेत आणि सोन्याचा भाव कोठे जाऊन पोहोचला आहे हे गृहिणींना आम्ही सांगावयास नको. अशा वेळी ते घड्याळ तुटक्या बांगड्यांबरोबर मोडीत निघते. ते सराफाच्या तराजूत पडण्यापूर्वी त्याची पारख कशी करावी, आणि असे घड्याळ विकत घेण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी काय पाहावे, एवढेच सांगण्याचा आमचा मानस आहे.

आम्ही सराफ नव्हे आणि घड्याळजीही नव्हे. मॅट्रिक होऊन आयुष्यभर शाळेत मुलांना शिकविले. शिक्षकाच्या वेतनात सोन्याचा संग्रह होत नाही. आमच्याजवळ एकंदर सात घड्याळे आहेत, त्यांत सोन्याची दोनच. परंतु घड्याळजींच्या बाकड्याशी पुष्कळ वर्षे बसून जे समजले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम आपल्या परळचाच विचार करू. येथील जीवन गिरणीच्या भोंग्यावर चालत असे. बहुतेक कामगारांजवळ घड्याळ नसे. ते असे मास्तरांच्या व साहेबांच्या खिशात. उशीर झाला की नाही याचा निवाडा त्याच घड्याळाने व्हावयाचा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्या पाहिल्या म्हणजे या गोष्टीचे मर्म कळते. आठवड्यास एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, अशा त्या मागण्या होत्या. रविवारची सुटी मिळावयास १८९० साल उजाडले. वेळ मोजण्याचे साधन ज्याच्या हाती नाही त्याला अर्धा तासही मागून घ्यावा लागतो.

शिवाय त्या काळी मुंबईत वेळही एक नव्हती. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, तर रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले आणि ती सुमारे अर्धा तास पुढे असे. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढची. मुंबईकरांना ती लवकर रुचली नाही आणि महानगरपालिकेने आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे सांभाळली. तेव्हा आपल्या वाडवडिलांपैकी ज्याच्या खिशात घड्याळ होते, त्याला केवळ काटे वाचून भागत नसे. हे घड्याळ कोणाच्या वेळेने लावले आहे, हेही ध्यानात ठेवावे लागे.

अशी घड्याळे बहुतांशी परदेशातून येत. फाव्र-लुबा या स्विस पेढीचे मुंबईशी नाते १८६५ पासूनचे सांगितले जाते. वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव तर मुंबईत व कलकत्त्यात घरोघर ठाऊक होते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. तबकडीवरील नाव पुष्कळदा विकणाऱ्या पेढीचे असते. करणाऱ्याचे नाव किंवा त्याची खूण आतील यंत्रावर सापडते. यास्तव तबकडी वाचून किंमत ठरवू नये. पाठीमागचे झाकण उघडून पाहावे, आणि तेही घड्याळजीकडून उघडवून घ्यावे. घरी चाकू घालून झाकण उचकटणाऱ्यांनी जितकी घड्याळे बिघडविली, तितकी चोरांनीही पळविली नसतील.

आता सोन्याची पारख. घड्याळाच्या पेटीचे सोने क्वचितच बावीस कॅरटचे असते. ते बहुधा अठरा, चौदा किंवा नऊ कॅरटचे असते. म्हणजे शुद्ध सोने हजारी अनुक्रमे ७५०, सुमारे ५८५ आणि ३७५. इंग्लंडमध्ये बनलेल्या जुन्या अठरा कॅरटच्या पेटीवर मुकुट व १८ हा आकडा दिसतो. त्याशेजारी ज्या शहरी कस लावला त्याची खूण असते : लंडनची बिबट्याचे मुख, बर्मिंगहॅमची नांगर. जोडीस एक अक्षर असते, त्यावरून साल काढता येते. स्वित्झर्लंडने १८८० च्या कायद्याने अठरा कॅरटसाठी हेल्व्हेशिया देवीचे मुख आणि चौदा कॅरटसाठी खार ही चिन्हे ठरविली. भिंगाखाली ती सुबक, रेखीव दिसली पाहिजेत, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही झाकणांवर सापडली पाहिजेत.

याउलट ‘वीस वर्षे टिकेल’ किंवा ‘पंचवीस वर्षे टिकेल’ अशी हमी जर पेटीत कोरलेली असेल, तर ती पेटी भरीव सोन्याची नाही असे निश्चित समजावे. हलक्या धातूच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी सोन्याचा पातळ पत्रा चढवून अशा पेट्या करीत. अमेरिकन घड्याळांत त्या विपुल आढळतात, बर्मिंगहॅमच्या डेनिसन कंपनीच्या पेट्यांतही आढळतात. भरीव सोन्याला झिजण्याची मुदत कोण कशाला देईल? त्या पेट्या टिकाऊ व देखण्या आहेत, घेण्यासही हरकत नाही. मात्र त्यांना सोन्याचा भाव देऊ नये. कडा, बिजागरी आणि किल्लीची मान येथे पिवळ्याखालून तांबूस वा पांढरट धातू डोकावतो काय, हे आधी पाहावे. स्विस घड्याळांत बाहेरची झाकणे सोन्याची आणि आतले धुळीचे झाकण पितळेचे, असाही प्रकार सर्रास असतो.

वजनाच्या बाबतीत फसगत फार होते, म्हणून शाळेतील सवयीप्रमाणे एक उदाहरण सोडवून दाखवितो. समजा, घड्याळाचे एकंदर वजन ९० ग्रॅम भरले. त्यातून यंत्र, काच, तबकडी, पोलादी कमानी व पितळी झाकण वजा जाता सोन्याची पेटी ४० ग्रॅम उरली. ती अठरा कॅरटची असेल तर शुद्ध सोने ३० ग्रॅम, म्हणजे अडीच तोळ्यांहून किंचित अधिक. नऊ कॅरटची असेल तर केवळ १५ ग्रॅम. जो विक्रेता ९० ग्रॅमचा हिशेब मांडतो त्याला दुरून नमस्कार करावा. आपल्याकडे जून २०२१ पासून दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला, परंतु त्या सक्तीतून घड्याळे वगळली आहेत. तेव्हा सरकारी छाप पाहून निर्धास्त होण्याची सोय येथे नाही. कसोटी आपली आपणच लावावयाची.

सोन्यानंतर यंत्र. पेटी एका घड्याळाची आणि यंत्र दुसऱ्याचे, अशी जोडाजोड जुन्या बाजारात पुष्कळ होते, कारण सोने महागले की जगभर पेट्या वितळविल्या गेल्या आणि यंत्रे उघडी पडली. किल्लीचा दांडा पेटीच्या भोकात नीट मध्यावर बसतो काय, पेटीत स्क्रूची जुनी निकामी भोके आहेत काय, हे घड्याळजीला विचारावे. मिन्याच्या तबकडीवर केसाएवढी चीर असेल तर किंमत उतरते. फार जुन्या घड्याळांना स्वतंत्र किल्ली लागते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोक्यावरची मळसूत्री घुंडी फिरवून किल्ली देण्याची सोय रुळली. वॉल्थॅम, एल्जिन यांसारख्या अमेरिकन कारखान्यांच्या यंत्रांवर अनुक्रमांक असतो आणि त्यावरून घड्याळ कोणत्या सुमारास बनले ते काढता येते.

भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर जाऊन खरेदी करणारे हौशी आपल्यात आहेत. त्यांना एवढेच सांगणे की दिवसाउजेडी जावे, भिंग न्यावे, घासाघीस करावी, आणि विकणाऱ्याचे नाव-पत्ता असलेली पावती घेतल्याशिवाय सोन्याच्या वस्तूला हात लावू नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. तसेच शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंच्या निर्यातीवर १९७२ च्या कायद्याचे निर्बंध आहेत. परदेशी असलेल्या मुलाकडे आजोबांचे घड्याळ पाठविण्यापूर्वी चौकशी अवश्य करावी.

परंतु बंधुभगिनींनो, घड्याळाची किंमत सोन्यावर ठरत असती तर हे व्याख्यान सराफानेच द्यावयास हवे होते. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात महात्मा गांधींचे झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला, ताट व वाटी या वस्तू मिळून अठरा लाख डॉलरांना गेल्या. ते घड्याळ सोन्याचे नव्हतेच, चांदीचे होते. टायटॅनिक जहाज १९१२ मध्ये बुडाले, तेव्हा वाचलेल्या सातशेहून अधिक जीवांना कार्पेथिया जहाजाचे कप्तान रॉस्ट्रन यांनी वर घेतले. त्या दुर्घटनेत विधवा झालेल्या तीन स्त्रियांनी त्यांना अठरा कॅरटचे सोन्याचे घड्याळ कृतज्ञतेने दिले आणि आत तसे कोरविले. ते २०२४ मध्ये पंधरा लाख पौंडांहून अधिक किमतीस विकले गेले. सोने वितळवून त्याचा अल्पसा अंशही हाती आला नसता. पैसा मोजला गेला तो झाकणाच्या आत कोरलेल्या चार ओळींसाठी.

आपल्या आजोबांचे नाव जगाला ठाऊक नसेल. घराला तरी ठाऊक असावे. आमच्या परिचयातील एका कुटुंबात चाळ सोडताना दोघा भावांत वाटणी झाली. बाकी सारे निम्मे-निम्मे झाले, घड्याळ तेवढे अडले. अखेर ते एका पेढीवर नेले. तेथे पेटी तोलून पैसे मिळाले आणि यंत्र कागदाच्या पुडीत परत आले. पेटीच्या आत आजोबांचे नाव आणि त्यांच्या नोकरीची वर्षे कोरलेली होती, हे धाकट्या भावास ठाऊक होते. थोरल्याने झाकण कधी उघडलेच नव्हते. कोणी लबाडी केली नाही, भावही रास्त मिळाला. तरी आजोबा कोणत्या वर्षी नोकरीस लागले हे सांगणारा त्या घरातील एकमेव लेख त्या दिवशी मुशीत गेला. पुढे दोघा भावांत या गोष्टीवरून बोलणे बंद झाले ते आजतागायत. पैसे वाटून घेता आले, नाव वाटून घेता आले नाही.

म्हणून विकणे अपरिहार्य असेल, आणि अडचण कोणत्या घराला नसते, तर विकावे. त्यात कमीपणा नाही. फक्त आधी झाकण उघडावे, आतील अक्षरे उतरवून घ्यावी, छायाचित्र काढावे, आणि भावंडांना बोलावून दाखवावे. मोडीच्या भावाखेरीज जुन्या घड्याळांच्या जाणकाराकडेही एकदा विचारावे.

जे ठेवणार आहेत त्यांना जतनाचे चार नियम सांगतो. तेल वाळलेले घड्याळ साफसफाईविना चालवू नये, चाके झिजतात. किल्ली रोज ठराविक वेळी द्यावी आणि अटकाव लागताच थांबावे. झाकणाचे घड्याळ बंद करताना घुंडी दाबून झाकण मिटवावे, मग घुंडी सोडावी. खटकन मिटल्याने सोन्याची कड झिजते. आणि पेटी वरचेवर चकचकीत करू नये, कारण प्रत्येक घासणीबरोबर कोरीव अक्षरे पुसट होतात. मुंबईची दमट हवा पोलादास गंज आणते, म्हणून पावसाळ्यात ते कोरड्या डबीत असावे.

शेवटी संस्थेकडे एक विनंती. कार्यालयात एक वही ठेवावी. ज्यांच्या घरी असे घड्याळ असेल, मग ते सोन्याचे असो, चांदीचे असो वा निकेलचे, त्यांनी त्यावरील नाव, साल, अनुक्रमांक आणि ते घरात कसे आले याची माहिती त्या वहीत लिहावी. घड्याळ आणण्याची गरज नाही, कोणाच्या मालमत्तेची चौकशीही नाही. ज्ञातीतील कोण कोणत्या गिरणीत, कारखान्यात, कचेरीत किती वर्षे राबले, याचा एक विश्वसनीय दप्तर त्यातून तयार होईल. ती वही घालून देण्याचे व पहिली सात पाने लिहिण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करतो.