फोन उशाशी नको



आज आपण मोबाईल फोनविषयी चार गोष्टी बोलू. फोन वाईट, असे आम्ही म्हणत नाही. त्यावर बाजारभाव कळतो. दूर दिलेल्या लेकीचा आवाज ऐकू येतो. विळाही कामाचाच असतो. पण काम झाले की आपण तो जागेवर ठेवतो. विळा उशाशी घेऊन कोणी निजत नाही. फोन मात्र आपण उशाशी घेतो!

मग काय होते? जेवण झाले, अंथरुणावर पडलो. म्हटले, एकच व्हिडिओ पाहू. तो संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू होतो. पुस्तकाला शेवटचे पान असते. कीर्तनाला शेवटी आरती असते. याला शेवटच नाही. तो मुद्दामच ठेवलेला नाही. आपण जितका वेळ पाहू, तितक्या जास्त जाहिराती दिसतात. त्यावर कंपन्या पैसा मिळवतात. आपली मात्र झोप जाते.

मोठ्या माणसाला रात्री ७ तास तरी झोप हवी. ती रोज मोडली, की मन थकते. मग लहानसहान गोष्टीवरून राग येतो. पोरांवर हात उगारला जातो. कामात लक्ष लागत नाही. त्यात फोनवर दुसऱ्याचे बंगले आणि लग्नातला थाट दिसतो. आपले घर उणे वाटू लागते. जीव उदास होतो.

याची उलटी बाजूही आहे. ज्याचे मन आधीच दुखावले आहे, तोही फोनमध्ये तोंड घालून बसतो. म्हणून घरातला मुलगा गप्प गप्प राहू लागला, तर नुसता फोन हिसकावू नका. जवळ बसा. “काय झालं रे बाळा?” असे विचारा. तो सांगेल ते ऐकून घ्या.

एकट्याने सवय सुटणे कठीण. गावाने मिळून ते सोपे होते. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ साली त्या गावाने एक नेम केला. संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजायचा. मग दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा. मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. साडेआठला दुसरा भोंगा झाला की नेम सुटायचा.

आपल्याला हे का जमू नये? भोंगा नसला तरी दिवेलागण आहेच. जेवताना फोन नको. निजताना तो कोनाड्यात ठेवावा.

एवढे करूनही मन जड राहिले, झोप येईना, जगणे नकोसे वाटू लागले, तर लपवू नका. मनाचे दुखणे म्हणजे वेड नव्हे. तापाला औषध असते, तसे यालाही असते. १४४१६ हा सरकारचा ‘टेली मानस’ नंबर आहे. तो रात्रंदिवस चालू असतो. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.

त्यासाठी मात्र फोन जरूर हाती घ्या.