झाकले जाणारे काम
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आज आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. सत्कारसमारंभात यशस्वी मुलामुलींचे कौतुक करावे आणि त्यांस आशीर्वाद द्यावा, असा प्रघात आहे; तो आम्हांसही प्रिय आहे. परंतु आजच्या गुणवंतांच्या यादीत अभियांत्रिकीचे पदवीधर इतके आहेत की, ज्या व्यवसायात आमचे उभे आयुष्य गेले, त्याची एक अवघड बाजू त्यांच्या व त्यांच्या आईवडिलांच्या कानी घालणे आम्हांस कर्तव्य वाटते. ही बाजू परीक्षेत फारशी विचारली जात नाही आणि नोकरीत मात्र रोज विचारली जाते. ती म्हणजे नीतीची.

वैद्याचा रोगी त्याच्या समोर बसलेला असतो. वकिलाचा पक्षकार त्याच्या ओळखीचा असतो. अभियंत्याचे तसे नाही. तो जो पूल बांधतो, त्यावरून जाणारी माणसे त्यास बहुधा कधीच भेटत नाहीत. त्यांनी त्याची पारख केलेली नसते. केवळ विश्वास टाकलेला असतो. शिवाय, त्याच्या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग झाकला जातो. पाया मातीखाली जातो, सळया काँक्रीटच्या पोटात जातात, आणि वर गिलावा व रंग चढला की चांगले काम कोणते व वाईट कोणते, हे सामान्य माणसास कळण्याचा मार्ग उरत नाही. म्हणूनच झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी अभियंत्याने स्वतः पाहावे, मोजावे आणि मोजमाप-पुस्तकात नोंदवून खाली सही करावी, असा आमच्या व्यवसायाचा दंडक आहे. ती सही म्हणजे ज्यांना पाहता येणार नाही, अशा हजारोंच्या वतीने एकाने पाहिल्याची साक्ष होय.

अशी एक साक्ष आम्ही खोटी दिली आहे. ती हकीगत आज प्रथमच चारचौघांत सांगत आहोत.

नोकरीस लागून आम्हांस दुसरेच वर्ष होते. महिना मार्च. एका आडगावच्या ओढ्यावर लहानशा पुलाचे काम चालू होते आणि 31 तारखेपूर्वी रक्कम खर्ची न पडल्यास ती परत जाणार होती. दोन दिवस आम्ही दुसऱ्या कामावर गुंतलो होतो. परत येऊन पाहतो, तो एका खांबाचा पाया भरून झालेला. खोदाई खडकापर्यंत गेली होती किंवा नाही, हे आम्ही पाहिलेले नव्हते. कंत्राटदार म्हणाला, "साहेब, खडक लागला. आम्ही कशाला खोटं बोलू?" वरिष्ठ म्हणाले, "पुस्तक आजच पाठवा." दोघेही वाईट गृहस्थ नव्हते. पायाच्या कडेने एक खड्डा घेऊन खात्री करता आली असती. त्यास फार तर एक दिवस लागला असता. आम्ही तो दिवस मागितला नाही. सही केली.

या व्यवहारात आम्ही एक पैसाही घेतला नव्हता, म्हणून कित्येक वर्षे आम्ही स्वतःस प्रामाणिक समजत होतो. मात्र प्रत्येक पावसाळ्यात ओढ्याला पूर आल्याचे कानी आले की झोप उडे. पुढे बारा वर्षांनी त्याच भागात बदली झाली, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात कोरड्या पात्रात त्या खांबाशेजारी आम्ही खड्डा घेववला. खडक होता. पाया त्यावर नीट बसलेला होता. कंत्राटदार खरे बोलला होता.

त्या दिवशी आम्हांस आनंद झाला, हे खरे; परंतु तो संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. कारण पुस्तकात आम्ही 'खडक आहे' एवढेच लिहिले नव्हते. 'पाहिला' असे लिहिले होते. खडक होता, तरी सही खोटीच होती. पूल उभा राहिला, तो दुसऱ्याच्या सचोटीने. आमच्या साक्षीने नव्हे. परिणाम चांगला झाला म्हणून निर्णय चांगला ठरत नाही, हा धडा आम्हांस कोणत्याही ग्रंथाने नव्हे, त्या खड्ड्याने शिकविला.

आमच्या हातून चूक झाली, ती लोभाने नव्हे, घाईने. घाईचा हाच दोष मोठ्या कामात शिरला म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने 12 जुलै 1961 रोजी पाहिले. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण नियोजित मुदतीच्या आधी त्याच पावसाळ्यात पाणी अडविण्यास सिद्ध करण्यात आले. कामाचे काही भाग अपुरे असतानाच पाणी चढले आणि धरण फुटले. तो लोंढा खाली खडकवासल्यास पोहोचला. तेही जुने धरण टिकले नाही, आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. 'यंदाच झाले पाहिजे' या आग्रहापुढे 'अजून झालेले नाही' हे साधे वाक्य किती मोलाचे असते, ते त्या दिवसाने दाखविले.

असे वाक्य उच्चारणारे लोक असतात. पण त्यांचे ऐकले जातेच, असे नाही. अमेरिकेतील चॅलेंजर या अंतराळयानाची हकीगत आपण ऐकली असेल. यानास वर नेणाऱ्या अग्निबाणांच्या सांध्यांत रबरी कडी बसविलेली होती. थंडीत ती कडक होऊन सांधा नीट बंद करीत नाहीत, अशी भीती अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीतील रॉजर बोईजोली या अभियंत्याने जुलै 1985 मध्ये लेखी कळविली होती. 27 जानेवारी 1986 च्या रात्री दूरध्वनीवरून बैठक भरली. सुमारे 12 अंश सेल्सिअसहून कमी तापमानात उड्डाण करू नये, असे अभियंत्यांनी सांगितले. तेव्हा कंपनीच्या एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखास, अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालावी, असे सुचविले, आणि सल्ला फिरला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांनी यान नष्ट झाले व सातही अंतराळवीर मृत्यू पावले.

या प्रसंगी एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. एरवी 'हे सुरक्षित आहे' हे सिद्ध करण्याचा भार उड्डाण करू पाहणाऱ्यांवर असे. त्या रात्री तो उलटला. 'हे धोक्याचे आहे' हे अभियंत्यांनीच सिद्ध करावे, अशी अपेक्षा झाली. आमच्या तरुण मित्रांनी ही खूण ध्यानात ठेवावी. ज्या बैठकीत शंका घेणाऱ्याकडेच पुरावा मागितला जातो, तेथे निर्णय आधीच झालेला असतो. बोईजोली यांनी पुढे चौकशी आयोगासमोर सत्य सांगितले. सहकाऱ्यांत ते एकटे पडले आणि त्यांना ती कंपनी सोडावी लागली. 1988 मध्ये त्यांचा एका प्रतिष्ठित वैज्ञानिक संस्थेने गौरव केला. परंतु गौरव उशिरा येतो आणि एकटेपण लगेच येते, हे आपण विसरू नये.

दुसऱ्याची चूक दाखविणे कठीण. स्वतःची सांगणे त्याहूनही कठीण. विल्यम लमेझुरिए हे नामांकित अभियंते. न्यूयॉर्कमधील 59 मजल्यांच्या सिटिकॉर्प इमारतीच्या सांगाड्याची रचना त्यांची. ती 1977 मध्ये पूर्ण झाली. तिचे खांब कोपऱ्यांत नसून बाजूंच्या मध्यावर आहेत. 1978 मध्ये त्यांच्या ध्यानात आले की, तिरक्या वाऱ्याचा ताण पुरेसा विचारात घेतला गेलेला नाही आणि सांधे मूळ योजनेप्रमाणे वितळजोडाचे न करता बोल्टचे केले आहेत. इमारत उभी होती, कीर्ती झाली होती, कोणी तक्रार केली नव्हती. गप्प बसणे सहज शक्य होते. त्यांनी मालकांकडे जाऊन दोष स्वतः सांगितला, आणि रात्रीच्या वेळी सांध्यांवर पोलादी पट्ट्या जोडून इमारत बळकट करण्यात आली. यात त्यांची अप्रतिष्ठा होण्याऐवजी प्रतिष्ठाच वाढली. तथापि या कथेस दुसरी बाजू आहे. त्या इमारतीत व आसपास वावरणाऱ्या लोकांना धोक्याची वार्ता दिली गेली नाही. ती 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. दोष दुरुस्त करणे हे अर्धे कर्तव्य. ज्यांच्या जिवाशी त्याचा संबंध, त्यांस तो कळविणे हे उरलेले अर्धे, असे आमचे मत आहे.

कोणी म्हणेल, आमची मुले पूल बांधीत नाहीत. ती संगणकासमोर बसतात. त्यांस आमचे नम्र सांगणे असे की, संगणकाची आज्ञावली हेही झाकले जाणारेच काम आहे. 2015 मध्ये फोक्सवागेन या मोटारकंपनीस कबूल करावे लागले की, सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत अशी आज्ञावली घातलेली होती, जी तपासणी चालू असल्याचे ओळखी आणि तेवढ्यापुरताच धूर स्वच्छ दाखवी. ती आज्ञावली कोणा अभियंत्यांनीच लिहिली होती. त्या प्रकरणी अमेरिकेत एका अभियंत्यास तुरुंगवासही झाला. 'वरून सांगितले म्हणून केले' ही ढाल तेथे पुरली नाही.

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच मांडला, त्या मुद्द्याकडे येतो. अभियंत्याचा निर्णय कार्यालयात होतो, असे आपणांस वाटते. वस्तुतः त्याची तयारी घरात होते. मुलगा नोकरीस लागला की आपण पगार विचारतो. सोयरीक जुळविताना 'वरचे काही मिळते का?' असे हळूच विचारणारेही आपल्यात आहेत. त्या प्रश्नाने बसलेल्यांपैकी कोणी फारसे दचकत नाही. सही करण्यास नकार दिल्यामुळे एखाद्याची बढती अडली अथवा दूर बदली झाली, तर आपण 'व्यवहार कळत नाही' म्हणून त्याची कीव करतो. मग प्रसंगी त्याने कोणाच्या बळावर उभे राहावे?

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे शिक्षण पुण्यास झाले आणि सेवेचा प्रारंभही मुंबई इलाख्यात झाला; खडकवासल्यास त्यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे 1903 मध्ये बसविण्यात आले. म्हैसूरचे दिवाणपद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आप्तेष्टांस एकत्र बोलावून, 'माझ्याकडे कोणतीही शिफारस आणणार नाही' असे त्यांच्याकडून वदवून घेतले, असे सांगितले जाते. त्या थोर पुरुषानेही आपल्या नीतीचे रक्षण प्रथम नातलगांपासून करावयाचे ठरविले, यात आपणांसारख्या ज्ञातिसंस्थांस मोठा बोध आहे.

म्हणून मंडळास आमची एक विनंती आहे. दरवर्षी आपण परीक्षेत पहिले आलेल्यांचा सत्कार करतो. तो अवश्य करावा. परंतु आपल्यात असा एखादा बंधू वा भगिनी असेल, जिने न पाहिलेल्या कामावर सही करण्याचे नाकारले आणि त्यापायी नुकसान सोसले, तर तिचाही शोध घ्यावा. तिचे नाव तिच्या इच्छेवाचून व्यासपीठावर घेऊ नये; पण तिच्या घरी चार वडीलधाऱ्यांनी जावे, चहा घ्यावा, आणि 'तू केलेस ते योग्य केलेस' एवढे सांगून यावे. ज्या रात्री माणूस एकटा पडतो, त्या रात्री हे चार शब्द मानपत्राहून अधिक उपयोगी पडतात.

आणि तरुण अभियंत्यांनो, तुम्हांस आम्ही मोठी प्रतिज्ञा घ्यावयास सांगत नाही. पाहिले असेल तर 'पाहिले' लिहा; नसेल तर एक दिवस मागा. आम्ही तो एक दिवस मागितला नाही; त्याची किंमत बारा पावसाळे मोजली.